विक्रीच्या बटणावरचे सासरे

सोमवारी शेअर बाजार उघडला आणि दलालांच्या त्या ऑफिसात विक्रीचं बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला संगणकाच्या पडद्यावर एकच प्रश्न दिसला: "जावईबापू, घाई काय आहे?"

ऑफिसचा कंत्राटी प्रोग्रामर ते वाचून खुर्चीतून उठलाच. वाक्य त्याच्या सासऱ्यांचं होतं. ते लेकीकडे राहायला आल्यापासून घरात साधा फ्रिज घ्यायचा म्हटला तरी हेच विचारायचे, आणि वर "आधी पुढच्या कामाचं बघा" हे ठरलेलं. चाचणीपुरतं म्हणून त्याने ते गमतीने सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि काढायचं राहून गेलं. कंत्राट त्याच आठवड्यात संपत होतं. ते वाढलं नाही, तर सासऱ्यांसमोर ताटावर बसायची सोय उरली नसती.

सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकात वेगवेगळं बसवलेलं, त्यामुळे चूक निस्तरायची तर टेबलाटेबलाशी जाणं आलं. साळसूद चेहरा करून तो निघाला.

"काय चाललंय?" एका दलालाने विचारलं.

"काही नाही, जरा साफसफाई."

निम्मी खोली साफ होते न होते तोच बाजार कोसळला. साफ झालेल्या टेबलांवरच्या दलालांनी धडाधड विकून टाकलं. बाकीचे पडद्यावरच्या प्रश्नापाशी अडखळले आणि थांबले. दुपारी भाव पुन्हा वर चढले, तसा साफ टेबलांवरून एकच गिल्ला झाला, "आमचे सासरे कुठे गेले?"

साहेबांनी आत बोलावलं.

"हे तुमचं काम?"

"चूक झाली, साहेब."

"काढून टाकलंत, ही चूक झाली! परत बसवा, सगळीकडे. आणि खरेदीच्या बटणालाही एक वाक्य द्या. तिथे उलटं दुखणं आहे. भाव हातचा जातो, तरी आमची माणसं आपली विचार करतायत! हे घ्या नवं कंत्राट. उद्या वाक्य आणा आणि सही करून हेही आणा."

घरी त्याने डोकं खाजवून पाहिलं. वाक्य सुचेना. सासऱ्यांकडून मिळण्याची आशाच नव्हती, त्यांनी जन्मात कुणाला घाई करायला लावली नव्हती. शेवटी त्याने कंत्राटाचा कागद पुढ्यात ओढला आणि पेन हातात घेतलं.

"कसला कागद?" सासऱ्यांनी विचारलं.

"कंत्राट वाढवतायत. पण त्यांना हवंय ते मला सुचत नाहीये. सही करावी की..."

सासरे ताडकन उठले. "की काय? अहो, लक्ष्मी टिळा लावायला आलीय आणि तुम्ही तोंड धुवायला कसले जाताय! करा सही!"

जावयाने पेन खाली ठेवलं आणि लॅपटॉप पुढे ओढला.

"आता आणखी काय राहिलं?" सासरे कडाडले.

"पुन्हा एकदा म्हणा, बाबा. सावकाश," जावई म्हणाला. "घाई काय आहे?"