बाबासो हयात आहेत

वेणूबाईंना तुम्ही मारलंत, साहेब. खांदेश्वरला तिसऱ्या मजल्यावर बाई रोज भाकऱ्या थापतात, पाण्यावरून शेजारणींशी भांडतात, आणि तुमच्या कॉम्प्युटरात त्या नाहीत. हयातीचा दाखला पोचला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. जन्मभर लोकांची भांडी घासून बोटं गुळगुळीत झाली, तुमच्या यंत्राला ठसा सापडेना. लगेच पेन्शन बंद. माणूस मेला असं धरायला तुम्हाला तेवढं पुरतं.

नवरा बाबासो सरकारी गोदामात चौकीदार होते. ते गेल्यावर त्यांची निम्मी पेन्शन वेणूबाईंना मिळायची. तीत साखरेच्या आजाराच्या गोळ्या यायच्या आणि मुलापुढे हात पसरावा लागायचा नाही. कुलदीप वाईट नाही, पण पैसे देताना तो उसासा टाकतो. तो उसासा बाईंना साखरेपेक्षा जास्त चढायचा.

वरच्या मजल्यावरची राजेश्वरी बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांची मोबाइलवरची सरकारी कामं फुकट करून देते. जी तुम्ही पगार घेऊनही करत नाही, ती. ती म्हणाली, आता ठसे नकोत, मोबाइलसमोर बसून डोळे मिचकवले की झाला दाखला.

तिनं आधार कार्ड मागितलं. वेणूबाईंनी पेटीतून बाबासोंचं काढून दिलं. पेन्शन त्यांची, मग कार्डही त्यांचंच लागणार; त्या घरात सरकारी कागद म्हणजे कायम नवऱ्याचाच कागद. कार्डावरचा फोटो इतका काळा, की बाई का बाप्या कळू नये. राजेश्वरीचा भात गॅसवर होता. तिनं नुसता नंबर बघितला आणि टाकला.

यंत्र म्हणालं, चेहरा जुळत नाही.

"मावशी, डोळे मिचकवा ना."

"फोटूत डोळं मिटल्यालं बरं दिसतंय व्हय?" वेणूबाई ताठ बसून राहिल्या. लग्नाच्या फोटोत त्यांचे डोळे मिटले होते, त्यावरून सासूनं मरेपर्यंत ऐकवलं. तेव्हापासून फोटो म्हटला की त्या डोळे वटारतात.

बरंच समजावल्यावर त्यांनी नाकातोंडासकट सगळा चेहरा मिचकवला. तरी जुळेना. पदर मागे घेतला, खिडकी उघडली, ट्यूब लावली. जुळेना. तेवढ्यात वरून करपल्याचा वास आला. राजेश्वरी मोबाइल तसाच डब्याला टेकवून पळाली. वेणूबाईही कंटाळून पाणी प्यायला उठल्या.

त्या बसल्या होत्या त्यामागच्या भिंतीवर बाबासोंचा फोटो होता. गणपतीतली लायटिंगची माळ कुलदीपनं कौतुकानं त्यांच्याभोवती गुंडाळली होती. माळ लुकलुकायची तशी बाबासोंच्या डोळ्यांवर सावली पडायची आणि जायची. नंबर बाबासोंचा, चेहरा बाबासोंचा, आणि डोळेही मिटत-उघडत होते. यंत्राला आणखी काय पाहिजे?

राजेश्वरी खाली आली ती हातात पळी घेऊन. मोबाइलवर दाखला आला होता, बाबासोंच्या नावाचा.

"मावशी, काका जिवंत झाले."

वेणूबाईंनी फोटोकडे बराच वेळ बघितलं. "आन् मला सोडून आदी तुला सांगितलं?"

महिनाअखेरीला जॉइंट खात्यात पेन्शन जमा झाली, तीही अख्खी. बाबासोंची स्वतःची. वेणूबाईंना ते पचेना. गोळ्या आणल्या, पण दुसऱ्या दिवशी राजेश्वरीला घेऊन, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला पिशवीत घालून, त्या तुमच्या कार्यालयात हजर झाल्या.

खिडकीवर शहाजी नावाचा तुमचा कारकून होता. त्यानं शांतपणे समजावलं, की मृत्यूचा दाखला जुना आहे आणि हयातीचा नवा. आम्ही नवा धरतो. हरकत असेल तर पेन्शनरनं स्वतः येऊन लिहून द्यावं.

"आवो, ते कुठनं येत्याल?" वेणूबाई म्हणाल्या.

"तब्येत बरी नसेल तर आमचा माणूस घरी येईल त्यांना भेटायला."

राजेश्वरीनं विचारलं, काकांचा फोटो आणला तर? शहाजी म्हणाला, फोटो चालत नाही, नियम कडक आहेत.

यावर वेणूबाई पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नवरा गेल्यापासून एवढं हसल्या नव्हत्या. मग डोळे पुसून त्यांनी खिडकीच्या फळीवर मोकळे हात ठेवले.

"बरं, तुमी म्हंताय तर हायेत जित्ते. मग मी हिरव्या बांगड्या भरू का नको, तेवढं सांगा. तोंडी न्हाई. शिक्का मारून."

शहाजीनं पेन खाली ठेवलं आणि बोट वर केलं. वर तुम्ही बसता, साहेब. बाई खाली बाकावर बसल्यात. राजेश्वरीनं चहा आणलाय, दोघी मजेत आहेत, घाई कुणालाच नाही. पण उत्तर घेतल्याशिवाय त्या उठणार नाहीत.

बोला. भरू का नको?