आधी गुपित, मग गंमत

आमचे दाजी जगातले एकमेव जादूगार असावेत, जे जादू करण्याआधीच ती कशी करतात ते सांगून टाकतात.

"हे बघा, चाकूला मी घरूनच रसायन चोपडून आणलंय. लिंबाचा आंबट रस लागला की ते लाल होतं. रक्त नाही, करणी नाही, काही नाही. कळलं? आता कापतो." कापतात. लाल रस गळतो. लोक जांभया देतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सिन्नरच्या एका कारखान्यात रंग तपासण्यात सगळी नोकरी गेली; निवृत्त झाल्यावर बुवाबाजीचे चमत्कार उघडे पाडायचं डोक्यात घेतलं. घडीचं टेबल, चाकू, पिशवीभर लिंबं आणि "आधी गुपित, मग गंमत!" ही आरोळी, एवढाच संसार. मी कितीदा म्हटलं, "दाजी, लोकांना आधी चकित तर होऊ द्या!" त्यावर म्हणतात, "चकित झालेला माणूस फार लांब जातो, राव. परत आणता येत नाही." मला तो विनोद वाटायचा.

दुसरी खोड लिंबाची. कापलेली एक फोडही कुणाला नेऊ देत नाहीत. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला, इंदिरानगरच्या हॉलमध्ये, व्याह्यांनी सौजन्य म्हणून "काहीतरी दाखवा की" म्हटलं. दाजींनी दाखवलं. मग एक फोड सापडेना. खुर्च्यांखाली वाकून वाकून शोधली आणि शेवटी विहीणबाईंच्या पर्सकडे बोट करून म्हणाले, "ताई, जरा उघडता का?" फोड दाजींच्याच पिशवीच्या तळाशी निघाली. धरणीनं मला पोटात घ्यावं असं झालं.

परवा अक्का म्हणाली, "एकदा यांच्याबरोबर घोटीला जाऊन ये. दर बाजाराला जातात आणि आले की जेवत नाहीत." म्हणून गेलो.

स्टँडजवळ टेबल मांडलं, गुपित सांगून झालं, लिंबू कापलं, तोच एसटी आली. जमलेली माणसं उठून गाडीत चढली. मी टेबल आवरतोय तर दाजी अर्धं लिंबू घेऊन गाडीत! मीही टेबल बगलेत मारून मागोमाग चढलो.

कंडक्टरनं दोघांच्या तिकिटाचे पैसे माझ्याकडेच मागितले. "त्यांचं हे दर बाजारचं हाय," तो म्हणाला, "फुडच्या फाट्याला उतरत्यात."

दाजी एकेक सीट करत पुढे सरकत होते. "हे खोटं आहे बरं का. नुसतं रसायन." मांडीवर पोर घेतलेली बाई दिसली की थांबायचे, तिचा चेहरा निरखायचे. एक म्हातारी म्हणाली, "येडं हाय का काय हे?" सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, जणू हा माणूस माझा कुणीच नाही.

फाट्यावर उतरल्यावर मी भडकलो. "दाजी, वयाला शोभतं का हे?"

ते चहाच्या टपरीच्या बाकावर बसले. "पूर्वी मी गंमत आधी करायचो," म्हणाले. "भगवा रुमाल बांधून बुवा व्हायचो. गुपित शेवटी. इथंच घोटीला लिंबातून रक्त काढलं, तर एक बाई पुढे आली. कडेवर पोर, तापानं फणफणलेलं. म्हणाली, 'बाबा, करणी निघाली नव्हं? आता दवाखान्यात न्यायचं काय काम नाय ना?'"

"मग?"

"मी सोंगात होतो रे. लोक टाळ्या वाजवत होते. म्हटलं, आता सांगतोच आहे की खरं. हात वर करून आशीर्वाद दिला." दाजींनी तो हात मांडीखाली दाबून धरला. "तेवढ्यात एसटी आली. फोड पदराला बांधून ती चढली. मी ओरडलो, पण गाडी सुटली होती."

मला विहीणबाईंची पर्स आठवली. इतके दिवस मला यांची लाज वाटायची. आता गाडीत तोंड फिरवून बसलो त्याची वाटली, आणि ती जास्त बोचली.

"ती भेटली तर काय सांगणार?"

"सांगायचं काय आता? विचारायचं, पोर कसं आहे." ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "पण खरं सांगू? गाडीत चढताना दर वेळी वाटतं, आज ती नसावी."

परतीची एसटी समोर येऊन थांबली आणि दाजी लिंबू घेऊन उठले.