लिफ्टवाल्याचं सुखी बालपण

महानायक होण्यासाठी अंगात अचाट शक्ती असावी लागते, हे सर्वमान्य सत्य आहे. सर्वमान्य असल्यामुळे ते कोणी तपासलेलं नाही. शक्ती काय, कोणालाही येते. (विजेचा झटका, संशयास्पद कीटक, रसायनाचं उघडं पिंप, काहीही चालतं.) खरी अडचण बालपणाची असते.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला शक्ती आली ती लिफ्टखालच्या खड्ड्यात. तो वायर जोडत असताना वरून कोणीतरी मदत म्हणून मेन स्विच चालू केला. शुद्धीवर आल्यावर त्याने आधारासाठी वर हात लावला, तर माणसांसकट लिफ्ट उचलली गेली. आतून आवाज आला, "किती वेळ लावता हो!"

त्याला महानायक व्हायचं होतं ते एवढ्यासाठीच. तो कुठेही पोचला की लोक म्हणत, "आता येताय?" आयुष्यात एकदा तरी कोणीतरी "आले, आले!" म्हणावं, अशी त्याची साधी इच्छा होती.

महानायक नोंदणी मंडळात त्याने फायलींचं लोखंडी कपाट एका हाताने उचललं. वरचा चहाचा कप हललासुद्धा नाही. निवड अधिकारी बाईंनी मान वर केली नाही.

"ते ठेवा खाली. वडील?"

"आहेत. खाली स्कूटर लावताहेत."

बाईंनी चष्मा काढला. "आई?"

"उत्तम."

"लहानपणी कोणी अपमान वगैरे?"

"मधल्या सुट्टीत आई डबा घेऊन यायची. सगळी मुलं हसायची."

"तुम्हाला?" बाईंना आशा वाटली.

"नाही, तिच्या विनोदांना."

मंडळाचं धोरण स्पष्ट आणि स्तुत्य आहे. ज्याचं माणूस गेलं तो नायक, ज्याचा अपमान झाला तो खलनायक. (दोन्ही झालेल्यांना आवडीप्रमाणे निवड करता येते.) विनाकारण जीव वाचवणाऱ्याचा लोकांना संशय येतो, असं मंडळाच्या पाहणीत आढळलं आहे. सुखी बालपणवाल्यांना मंडळ आहे ती नोकरी सांभाळण्याचा सल्ला देतं.

घरी आई भडकली. "म्हणजे आम्ही नीट वाढवलं, ही आमची चूक? तुला एकदा कपाटात कोंडलं होतं, ते सांग की!"

"मी लपलो होतो, आई. तू फटीतून केळं दिलंस."

इतका वेळ पेपरात डोकं घालून बसलेले वडील म्हणाले, "मी जातो."

"कुठे?"

"कायमचा. ताईकडे." (वडिलांच्या या बहिणीकडे मोठी गॅलरी आहे आणि तिथे चहातली साखर कोणी मोजत नाही.)

आईने कपाट उघडलं. मग म्हणाली, "जाताय तर स्वेटर घेऊन जा. तिकडे गारठा असतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा विचारलं, "वडील?"

"काल होते," तो म्हणाला.

बाई प्रथमच खुर्चीतून उठल्या. त्यांनी स्वतः त्याला पाणी आणून दिलं. त्याच दुपारी त्याला झगा, बूट आणि 'वज्रबाहू' हे नाव मिळालं. आईला सूचना मिळाली, की तिने शक्यतो खिडकीत उभं राहून दूरवर पाहावं.

वज्रबाहूचं उत्तम चाललं. तो पोचला की लोक "आले, आले!" ओरडत. पूल वाचवल्यावर तो दोन शब्द वडिलांबद्दल बोलायचा आणि गर्दी रडायची. तिकडे ताईच्या टीव्हीसमोर वडीलही रडायचे. "मी इतका चांगला होतो, हे मला माहीतच नव्हतं," ते ताईला म्हणत.

मग साखरेचा कंटाळा आला. एके सकाळी त्यांचा फोन आला, "येऊ का रे घरी?"

त्याने मंडळात चौकशी केली. परत आलेले वडील नियमानुसार खलनायक ठरतात आणि मुलाला त्यांच्याशी भर चौकात लढावं लागतं.

"नको मग," वडील म्हणाले. "कंबर धरलीय माझी. तुझ्या आईलाच पाठव इकडे."

आई पाचव्या मजल्यावर राहते. तिचे गुडघे गेलेत. मुलाने लिफ्टचं काम सोडलं, त्यानंतर लिफ्ट एकदा अडकली ती अडकलीच. तक्रार केली की कंपनी सांगते, आमचा माणूस पूल वाचवायला गेलाय. आई खिडकीत उभी राहून दूरवर पाहते. आता सूचनेशिवाय.

वडील खरोखरच गेल्याशिवाय गोष्टीला काही उठाव येत नाही, असं तुम्हाला मघापासून वाटतंय. मंडळाच्या पाहणीत तुम्हीच होता. वडिलांची तब्येत ठणठणीत आहे. लिफ्ट बंद आहे.