गुलाबराव कनातीमागं

या, असे सरकून जवळ बसा. पाठ टेकायला खांब हवा असेल तर घ्या, पण कान इकडे असू द्या. डोणगावच्या पलीकडच्या एका गावात औंदाच्या सप्ताहात जे घडलं, ते सांगतो. गोष्ट गुलाबरावांची आहे, आणि काल्याच्या कीर्तनाच्या दिवशी ते साखरेच्या पाकात बसले, तिथून ती सुरू होते.

आता साठी ओलांडलेला शहाणासुरता माणूस पाकात बसतो कसा? तर गुलाबराव म्हणजे गावच्या कीर्तनातली पहिली ओळ. वीस वर्षांत त्यांनी दुसरी ओळ पाहिली नव्हती. महाराजांच्या अगदी समोर एक पाट, पाटावर पांढरं फडकं आणि फडक्यावर गुलाबराव. लग्नाला गेले, तेरवीला गेले, तरी कोणीतरी लगबगीनं पांढरं फडकं अंथरायचं. त्यामुळे पांढरं फडकं दिसलं की ते आपल्यासाठीच, ही सवय त्यांच्या डोक्याला नाही, थेट बुडाला लागली होती.

यंदा तर मानावर मान. समाप्तीला महाराजांच्या गळ्यात हार घालायची पाळी अकरा वर्षांनी त्यांच्याकडे आली होती. नवं धोतर, कडक इस्त्रीची टोपी. हार सुकू नये म्हणून त्यांच्या मंडळींनी, गोजरबाईंनी, तो ओल्या पंच्यात गुंडाळून स्वयंपाकाच्या जागी ठेवला होता. ही जागा व्यासपीठाच्या बरोब्बर मागं. मध्ये फक्त मंडपवाल्या फकीर मोहम्मदची निळी कापडी कनात.

कीर्तन सुरू व्हायला थोडा वेळ होता. हार एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून गुलाबराव कनात उचलून मागं आले. बाया पुऱ्या लाटत होत्या. एका पाटावर पांढरं फडकं दिसलं. "हार आण वं," असं म्हणत ते ऐटीत टेकले.

फडक्याखाली पाट होता हे खरं. पण पाट आणि फडकं यांच्यामध्ये बुंदीच्या पाकाची परात होती.

"अवोऽऽ!" गोजरबाई किंचाळल्या. "पाकात बसले ना तुमी!"

"पाकात? इथं पाक काऊन ठेवला?"

"मंग काय तुमच्या पाटावर नेऊन ठेवू?"

बरं, पाक निवत आलेला होता, म्हणून कातडीवर निभावलं. पण गुलाबराव उठले तेव्हा फडकंही उठलं, परातही वीतभर उठली आणि मग दण्णकन खाली पडली. पोळपाटांवर डोकी टेकून बाया हसू लागल्या. सूनबाई वंदना तेवढी सासऱ्यासमोर हसायचं नाही म्हणून पदर तोंडात कोंबून उभी होती, पण तिचे खांदे काही ऐकत नव्हते.

धोतर धुतल्याशिवाय इलाज नव्हता. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बाहेर पडायची वाट एकच, भर मंडपातून. तेवढ्यात दोऱ्या आवळत फकीर मोहम्मद तिथं आला. परिस्थिती पाहून त्यानं एक शब्दही विचारला नाही. गाडीतून उरलेली झालर काढली आणि पुढं केली. मंडपाच्या कडेला लावतात ना, गुलाबी-पिवळ्या चुण्यांची, तीच.

"ही नेसू मी?" गुलाबराव म्हणाले.

"भाऊ, दुसरं ताडपत्रीच हाय. पन ते आंगाले गडते, टोचते."

गुलाबराव झालर नेसून पोत्यावर बसले. धोतर दोरीवर वाळत पडलं. आणि पलीकडे मृदंगावर थाप पडली.

"धोतर वाळलं का पाह्य," गुलाबराव म्हणाले.

"आत्ताच तं टाकलं!" गोजरबाई म्हणाल्या. "हार शेवटी घालायचा असते. तवर वाळते. रिकामे बसून राह्यले तं ह्या पुऱ्या तळा."

"मी? पुऱ्या?"

"मंग काय मंडप सजवता? नेसले तं तसंच हाय."

गुलाबरावांनी मुकाट्यानं झारा हातात घेतला. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कीर्तन कनातीमागून ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, अर्धंमुर्धं. भोंगे सगळे श्रोत्यांकडे तोंड करून बांधलेले, मागं नुसती घुमघुम. त्यात जरा शब्द कळायला लागले की कढईत पुरी पडायची आणि चर्रर्र!

महाराज सांगत होते, "सगळ्या गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. एका पोराजवळ मात्र शिळ्या भाकरीचा कोरच होता. ते लाजलं आणि झाडामागं जाऊन बसलं. देवानं पाहिलं आणि देव म्हणाला..."

चर्रर्र.

"काय म्हनला देव?" गुलाबरावांनी कळवळून विचारलं.

"कोनाले मालूम," गोजरबाई लाटता लाटता म्हणाल्या. "इथं असंच असते. अर्धं आयकू येते. बाकीचं आपल्या मनानं लावून घ्याचं."

"मनानं? कीर्तनाचं?"

"वीस वर्सं लावूनच राह्यलो आमी. सप्त्याच्या रोजी कोन सांगते येऊन? घरी आल्यावर तुमाले पुसलं तं तुमी म्हनता, 'लय गहन होतं, तुले नाही समजनार.'"

गुलाबरावांनी झारा उगाचच दोनदा आपटला. मग विषय बदलावा म्हणून त्यांनी कनातीतल्या भोकाला डोळा लावला. बायांनी ते पाहायला केव्हाच करून ठेवलेलं होतं. महाराजांच्या पाठीवरून थेट पहिली ओळ समोर दिसत होती. स्वतःचा रिकामा पाट दिसला. आणि शेजारी त्यांचे जुने प्रतिस्पर्धी भगवंतराव, हनुवटी छातीवर, तोंड उघडं.

"अवं! भगवंता झोपला हाय! दरवेळी मान हालवते तं मी समजत होतो का याले लय समजून राह्यलं!"

"पहिली ओळ सगळीच झोपते," गोजरबाई म्हणाल्या.

"सगळी कशी? मी नाही का—"

सगळी लाटणी थांबली.

"मामाजी," वंदना हळूच म्हणाली, "तुमी अभंगाच्या दुसऱ्या चरनाले झोपता."

"मी डोळे मिटून आयकतो!"

"घोरता बी डोळे मिटूनच," गोजरबाईंनी भर घातली. "परवा टाळ पडला ना हातातून? महाराजाले वाटलं का तुमचं भान हरपलं. लोकं पाया पडले तुमच्या."

गुलाबराव भोकापासून बाजूला झाले. त्यांना ते पाया पडणारे लोक आठवले. मग त्यांनी अगदी वेगळ्या, मऊ आवाजात विचारलं, "त्या भाकरीवाल्या पोराचं तू काय लावलं मंग?"

गोजरबाई सांगू लागल्या. सांगून संपलं, तेव्हा कढईतली पुरी टम्म फुगून पालथी होऊनही गुलाबरावांचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात भोंग्यातून नाव आलं. "हार अर्पण करतील आपले गुलाबराव! गुलाबराव! कुठे आहेत?"

धोतर चिंब ओलं. भोकातून पाहावं तर भगवंतराव खडबडून जागे झालेले, आणि मान आपल्याकडेच येतो अशा आशेनं टोपी सरळ करत होते. गुलाबरावांनी स्वतःच्या झालरीकडे पाहिलं. अकरा वर्षं! दुसरं कोणी गेलं तर अजून अकरा. त्यांनी डोळे गच्च मिटले, मग उघडले आणि हार गोजरबाईंच्या हातात दिला.

"तू जाय."

"मी? हाताले पीठ हाय माह्या!"

"जाय म्हनतो ना! अन त्या पोराचं महाराजाले सांगजो. तू लावलं ते."

पदराला हात पुसत गोजरबाई बाहेर गेल्या. महाराजांनी हार हातांत घेतला आणि हसून विचारलं, "माय, कीर्तन ऐकलं का?"

"अर्धंच आयकलं महाराज. बाकीचं मनानं लावलं."

"काय लावलं?" त्यांनी माईक पुढं धरला.

"तुमी म्हनले, पोरगं झाडामागं बसलं अन देव काही तरी म्हनला. पुढं पुरी तळली. मी लावलं का देव काहीच म्हनला नाही. उठला, अन झाडामागंच जाऊन बसला. मंग सगळी पंगत तिकडं तोंड करून वळली."

महाराजांनी तीस वर्षं ही कथा सांगितली होती. त्यात देव त्या पोराला हाक मारून पुढं बोलवायचा. त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या, डोळ्यांना उपरणं लावलं. मग वळले आणि म्हणाले, "फकीरभाई, कनात सोडा. आज आम्ही तिकडं तोंड करतो."

"महाराज, थोडं थांबा—" फकीर मोहम्मद म्हणाला.

"सोडा म्हणतो ना!"

दोरी सुटली. कनात सर्रकन खाली आली. आणि सगळ्या गावासमोर, हातात झारा, अंगाला गुलाबी-पिवळ्या चुण्या, घामानं निथळणारे गुलाबराव उभे राहिले.

महाराजांनी दोन्ही हात जोडले. "अकरा वर्षांचा मान बायकोच्या हाती देऊन आपण चुलीपुढं उभे राहिलात! असा सेवेकरी मी पाहिला नाही." भगवंतरावांसह अख्खी पहिली ओळ उठून पाया पडायला धावली.

"नाही हो," गुलाबराव ओरडले, "तसं नाही! मी पाकात बसलो! आन झोपतो बी मी! सगळेच झोपतो आपन!"

"काय नम्रता!" महाराज म्हणाले.

गुलाबराव आणखी पोटतिडकीनं सांगायला लागले, तसा नामाचा गजर वाढत गेला. शेवटी गोजरबाईच जवळ आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "राहू द्या आता. पुऱ्या जळून राह्यल्या."

तर मंडळी, एवढीच गोष्ट. कुठं पंगतीला बसलात आणि पानात फुगलेली पुरी पडली, तर कनातीमागं कुणीतरी अर्धंच ऐकत बसली आहे, तिची आठवण ठेवा. उरलेलं अर्धं तिला समजावून सांगायची घाई करू नका. तिनं काय लावलं, ते आधी विचारा.