मयेकरकाकांचे तेहतीस

आमच्या शेजारचे मयेकरकाका कोणालाही "कसे आहात?" असे विचारत नाहीत, ते त्याची गती मोजतात. एकदा आई ओटीवर नारळ खवत बसली होती. काका कुंपणापलीकडे थांबले, गळ्यात अडकवलेले काळे घड्याळ हातात घेतले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले, दोनदा कळ दाबली आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "वैनीनू, आज नव्वद. काल शंभराच्या वर होतात. बरं नाय वाटत काय?"

आईला बरे वाटत होते. पण शंभराच्या वरचा आकडा तिने संगमेश्वरच्या मावशीला फोन करून कळवला होता, हे मला ठाऊक आहे.

आमच्या मांडवी वस्तीत काकांच्या घड्याळातून कोणी सुटले नाही. झाडूवाल्या बाईंचा झाडू, देवळातल्या आरतीच्या टाळ्या, जाळे ओढणारे हात, समोरच्या गुरुजींची सकाळची पावले, या सर्वांचा मिनिटाचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. कोणी शंका घेतली की उत्तर ठरलेले, "आकडा खोटं बोलत नाय."

काका जहाजावर सुकाणी होते. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्यांनी नदीवर वल्हवण्याचा सराव पाहिला आणि काठावरच्या प्रशिक्षकाच्या हातातले यंत्र पाहून हरखले. काकूंनी त्या फेरीत भिंतीवरचे घड्याळ मागितले होते. काकांनी हे आणले. ते वेळ सांगत नाही. वल्हे पाण्यात शिरले की कळ दाबायची, पुढे पूर्ण तीन वल्ही झाली की पुन्हा दाबायची. मिनिटाला किती वल्ही पडतात तेवढेच ते दाखवते. काकू हयात असेपर्यंत त्या घड्याळाला "तुमचं बिनकाट्याचं" असे म्हणत असत. त्यांना जाऊन आता पाच वर्षे झाली.

मी पदार्थविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतले, आणि त्याच काळात एकेरी वल्हवण्याच्या नादाला लागले. एक लांबट, अरुंद होडी, दोन हातांत दोन वल्ही, सरकती बैठक आणि पाठ प्रवासाच्या दिशेला. भाट्याच्या खाडीत मी ही होडी प्रथम उतरवली तेव्हा काका जेट्टीवर उभे होते. "होडी म्हणायची ही? पडवळ हाय," असे म्हणून त्यांनी गळ्यातले घड्याळ हाती घेतले. त्या सकाळपासून ते माझे प्रशिक्षक झाले. नेमणूक कोणी केली नाही; त्यांना काढून टाकण्याचाही कोणाला अधिकार नव्हता.

माझे ध्येय स्पष्ट होते. राज्य स्पर्धेत पहिले यायचे, कारण राष्ट्रीय संघाच्या शिबिराला एकेरीतली एकच मुलगी जाणार होती. आठ महिने मी भरतीच्या वेळा पाहून दिनक्रम आखला. काका काठाकाठाने सायकलवरून येत आणि तळ कापलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून आकडे ओरडत. तेहतीस हा त्यांचा लाडका आकडा. मी वेग वाढवू लागले की डब्यातून आवाज येई, "छत्तीस झाले गो, काय पाणी घुसळत्येस? तेहतीसवर ये. लांब ओढ." मी लांब ओढत असे. दोन किलोमीटरला लागणारा वेळ मी साध्या घड्याळावर स्वतंत्रपणे नोंदवत होते आणि तो समाधानकारक होता. मात्र स्पर्धेतल्या अव्वल मुली जवळपास याच दराने वल्हवून थोडा कमी वेळ घेतात, तेव्हा माझी मर्यादा आता आली, असे मी मनोमन मान्य करू लागले होते.

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना पुण्याच्या एका मैत्रिणीने होडीवर बसवायचे, वल्ह्यांची गती आपोआप मोजणारे मीटर मला उसने दिले. डब्यातून "तेहतीस" आले. मीटरवर बावीस होते. "तीस" आले, मीटरवर वीस. "छत्तीस", चोवीस.

यंत्र बिघडले तर इतक्या प्रामाणिकपणे बिघडत नाही. प्रत्येक वेळी बरोबर दीडपट, म्हणजे चूक मोजण्याच्या पद्धतीत होती. मी होडी काठाला लावली, काकांजवळ जाऊन बसले आणि म्हटले, "काका, तो मासे गरवणारा माणूस दोरी ओढतोय. त्याची गती मोजा. पण मोठ्याने."

काकांनी कळ दाबली. "लाभ. दोन. तीन." आणि तीनला पुन्हा दाबली.

धान्य मोजताना पहिल्या मापाला आपल्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ते मापांच्या बाबतीत योग्यच आहे, कारण तिथे पहिले माप भरलेले असते. पण घड्याळाची कळ दाबली तेव्हा काहीच भरलेले नसते. तिथून पहिले वल्हे सुरू होते. काका दोन वल्ह्यांचा काळ मोजत होते आणि घड्याळ तो तिनांचा समजत होते. सारी मांडवी वर्षानुवर्षे दीडपट फुगलेली होती.

मी वाळूत रेघा मारून समजावले. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे आठ महिने मी तुका खोटं सांगितलं. स्पर्धा गेली तुझी."

मला रागच आला होता. पण राग आवरण्यासाठी मी वहीत भागाकार करू लागले आणि थांबले. अंतर तेच, वेळ तोच, वल्ही मात्र समजत होते त्याच्या दोन तृतीयांश. म्हणजे माझी होडी एका वल्ह्यात मला वाटत होते त्याच्या दीडपट पुढे जात होती. अव्वल मुलींच्या जवळपास पोहोचणारा वेळ मी बाविसावर काढत होते.

"काका," मी म्हटले, "माझ्याकडे अजून आठ-नऊ वल्ही शिल्लक आहेत."

उरलेल्या दिवसांत आम्ही चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस अशी गती चढवली. काकांना नवी पद्धत शिकवणे त्याहून अवघड होते. "लाभ म्हणताना कळ दाबा, मग एक, दोन, तीन." ते नाराजीने म्हणाले, "लाभाचं शून्य केलंस काय?" आईची समजूत तर अद्याप पटलेली नाही. साठ हा आकडा तिने मावशीला कळवलेला नाही.

स्पर्धेत निम्म्या अंतरापर्यंत मी तिसरी होते. मीटर परत केले होते. भरवसा फक्त काठावर होता. शेवटचे पाचशे मीटर उरले आणि डबा गरजला, "अठ्ठावीस. खरे अठ्ठावीस गो. आता चढव." मी चढवले. तीस. एक होडी मागे पडताना दिसली. पाठ पुढे असल्याचा हाच आनंद, हरवलेले सगळे समोर दिसतात. एकतीस. दुसरी होडी दिसू लागली आणि दूर होत गेली. मी अर्ध्या होडीच्या अंतराने जिंकले. काका काठावर पंचांना स्वतःचे घड्याळ दाखवून काहीतरी समजावत होते.

घरी परतल्यावर मी पदक घेऊन त्यांच्याकडे गेले. ते स्वयंपाकघरात होते. तांदळाच्या डब्यातून त्यांनी एक वाटी भरली, "लाभ" म्हणून पातेल्यात ओतली आणि झाकण लावले.

"काका, यंत्राबरोबर माहितीपत्रक होते ना? तुम्ही वाचले नव्हते?"

"वाचलंय की. पण ही, तुझी काकू, पहिल्या वाटीला एक म्हणू द्यायची नाय कोणाला. सात माणसांचं घर. मोठ्याने मोजायची, लाभ, दोन, तीन, पार ओटीवर ऐकू यायचं." त्यांनी डब्यावरून हात फिरवला. "आता एकट्यापुरतं लाभ म्हटलं की झालं. पुढचं म्हणायला तुझी वल्ही होती."

मी डबा पुन्हा उघडला, वाटी भरून पातेल्यात ओतली. काका पाहत राहिले.

"दोन," ते म्हणाले.

"आईलाही बोलावते," मी म्हटले.

तिसरी वाटी त्यांनी स्वतः भरली. शिगोशीग भरली. "तीन," ते म्हणाले, अगदी ओटीपर्यंत ऐकू जाईल असे, आणि त्यांचा अंगठा सवयीने वाटीच्या काठावर दाबला गेला.