परमुलखातली डबल बेल

"विमानाने नाही, गाडीने जायचं," असं ड्रायव्हरसाहेबांनी जाहीर केलं, तेव्हा बाई भांडी पुसून फडताळात ठेवत होत्या. हातातलं पातेलं तसंच धरून त्यांनी विचारलं, "कुठली गाडी?"

"आपली."

"आपली? तिच्यातून भाजी आणायला गेलं की पिशव्या घेऊन मला चालत घरी यावं लागतं."

"पेट्रोलमध्ये कचरा होता. आता साफ केलाय."

"अहो, मध्ये अख्खे दोन देश आहेत!"

"असू देत. रस्ता एकच आहे. मी नकाशात बघितलाय."

दोघेही शहराच्या बससेवेतून निवृत्त झाले होते. ते ड्रायव्हर, त्या कंडक्टर. एकाच मार्गावर, एकाच बसमध्ये. लग्न जमलं तेही तिथेच. नोकरी सुटली तरी गल्लीतल्या लोकांनी त्यांना ड्रायव्हरसाहेब आणि कंडक्टरबाई म्हणणं सोडलं नव्हतं. गाडी त्यांच्या लेकीपेक्षा वयाने मोठी होती आणि लेकीपेक्षा जास्त वेळा दवाखान्यात, म्हणजे गॅरेजमध्ये, जाऊन आली होती.

लेक परदेशात होती आणि तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. "आई, तू चांगली सहा महिने ये," ती फोनवर म्हणाली होती. फोनचा स्पीकर चालू होता आणि ड्रायव्हरसाहेब शेजारीच बसून मटार सोलत होते. त्यांचं नाव काही निघालं नाही. लेकीला वाटलं, बाबांना आपलं घर सोडून करमत नाही. बाईंना वाटलं, यांना यायचं असतं तर बोलले असते. साहेबांना वाटलं, बोलावलं असतं तर गेलो असतो. विमानाने बाई एकट्या गेल्या असत्या. गाडीला मात्र ड्रायव्हर लागतो. "मी तुला सोडतो आणि चार दिवसांनी परत फिरतो," ते म्हणाले. बाईंनी पातेलं ठेवलं. "तुमची मर्जी," एवढंच त्या बोलल्या.

गाडीतली व्यवस्था बससारखीच होती. साहेबांच्या शेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी, रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन आणि जादा फॅनबेल्ट. बाई मागे. सगळं आत आलं, दारं लागली, याची खात्री झाली की बाई बोटाच्या पेराने टपावर दोनदा टकटक करायच्या. ही डबल बेल. तिच्याशिवाय साहेब गिअर टाकत नसत. एकदा गाडी निघाली की ड्रायव्हरने पुढे बघायचं. मागे काय चाललंय ते कंडक्टरने बघायचं. गाडीला आरसा होता, पण त्याचा स्क्रू ढिला असल्यामुळे त्यात साहेबांना फक्त स्वतःचं कपाळ दिसे.

पहिला देश सुरळीत पार पडला. गाडी दोनदा तापली, दोनदा निवली. दुसऱ्या देशात वाहनं रस्त्याच्या उलट्या बाजूने चालत होती, म्हणून प्रत्येक वळणावर बाई मागून "उजवीकडून, उजवीकडून" असं बजावत होत्या. त्या दिवशी सकाळी मात्र जरा बिनसलं.

"परत जाताना तुम्हाला वळणावर कोण सांगणार?" बाईंनी विचारलं.

"मी काय आज पहिल्यांदा चालवतोय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतेस?"

बाई कसंच म्हणाल्या नाहीत. त्यानंतर पेट्रोल पंप येईपर्यंत गाडीत फक्त इंजिन बोलत होतं.

पंपावर एक जाडजूड, हसरा माणूस होता. त्याची भाषा साहेबांना येत नव्हती, साहेबांची त्याला. पण गाडी बघून तो इतका खूश झाला की दोघांचा हातवाऱ्यांनी संवाद सुरू झाला. "मी जाऊन येते हो," असं म्हणून बाई पर्स घेऊन उतरल्या आणि आत गेल्या. ते साहेबांना ऐकू गेलं नाही, कारण ते त्या वेळी दोन्ही हातांनी कार्ब्युरेटरचं वर्णन करत होते.

पेट्रोल भरून झालं. साहेब आत बसले, दार ओढलं आणि नेहमीसारखे थांबले. पंपवाल्याने टाकीचं झाकण लावलं आणि काम झालं हे कळावं म्हणून गाडीच्या पाठीवर प्रेमाने दोन थापा मारल्या.

टक टक.

साहेबांनी पहिला गिअर टाकला.

रस्ता सरळ होता. वळण नव्हतं, त्यामुळे "उजवीकडून" ऐकू येत नव्हतं यात वावगं असं काही नव्हतं. मागची शांतता सकाळचीच पुढे चालू आहे, असं साहेबांनी गृहीत धरलं. ती शांतता वाढत गेली, तसं त्यांना राहवेना. समोरासमोर त्यांना कधीच नीट बोलता आलं नव्हतं. पुढे रस्त्याकडे बघत मात्र त्यांना बोलता येई.

"ऐकतेस का?" ते म्हणाले. "बोलायचं नसेल तर नको बोलूस. मलाच बोलायचंय. मी नोकरीत नवा असताना आपली बस चढावर मागे सरकायला लागली होती, आठवतं? लोक उठून दाराकडे धावले. तू ओरडलीस, 'बसून घ्या सगळे, आपले ड्रायव्हर जुने आहेत!' मला लागून महिनासुद्धा झाला नव्हता गं. पण ते ऐकून लोक बसले आणि माझाही माझ्यावर विश्वास बसला. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही मी. आज म्हणतो. फार उपकार झाले तुझे."

साहेबांनी घसा साफ केला.

"तू मागे होतीस म्हणून मला जन्मभर पुढे बघता आलं. आता सहा महिने मी घरात काय करू? टपावर टकटक कुणी करायची? मी सोडायला येतो म्हणालो, पण खरं सांगायचं तर मला राहायचंय. दूध आणून देईन, बाळाला खांद्यावर घेऊन फिरवीन, गप्प बसीन. तू फक्त हो म्हण."

एक मोठा ट्रक बाजूने गेला. त्याचा आवाज विरला तरी मागून काही नाही.

"बरं," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "कळलं."

थोड्या वेळाने त्यांचा घसा कोरडा पडला. "निदान पाण्याची बाटली तरी दे," म्हणून त्यांनी हात खांद्यावरून मागे केला. हातात काहीच आलं नाही. "एवढा राग?" असं म्हणत त्यांनी गाडी कडेला घेतली आणि सगळ्या कारकिर्दीत प्रथमच मागे वळून बघितलं. सीटवर शाल होती, उशी होती, बिस्किटांचा पुडा होता.

दोघांचे पासपोर्ट बाईंच्या पर्समध्ये होते. साहेबांचा फोनही त्याच पर्समध्ये होता, कारण कंडक्टरकडे दिलेली वस्तू हरवत नाही, असं त्यांचं मत होतं. आता कंडक्टरच हरवली होती.

मधल्या दुभाजकामुळे परत फिरायला जागा नव्हती. बऱ्याच अंतरावर वळण मिळालं. तिथे मागून सूचना न आल्यामुळे साहेब डावीकडून घुसले आणि समोरच्या सगळ्या वाहनांनी त्यांना हॉर्न वाजवून योग्य ती सूचना दिली. त्या सर्वांना हात जोडत, घामाघूम होत, ते उलट दिशेला लागले.

इकडे बाई बाहेर आल्या तेव्हा गाडीच्या जागी तेलाचा एक डाग होता. पंपवाल्याला झाला प्रकार समजला आणि त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात त्याच रस्त्याने जाणारी एक बस पंपावर आली. त्याने ड्रायव्हरला खिडकीतून काहीतरी भराभर सांगितलं. ड्रायव्हरने दार उघडलं. बाई आत चढल्या आणि सवयीने दाराजवळ, कंडक्टरच्या जागी, उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने सीटकडे बोट दाखवलं. बाईंनी पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. त्याने हसून बस दामटली.

थोड्याच वेळात दुभाजकापलीकडून एक ओळखीची, धूर सोडणारी गाडी उलट्या दिशेने गेली. "अहो! अहो!" बाई काचेवर हात आपटत ओरडल्या. सगळी बस त्यांच्याबरोबर खिडक्यांकडे धावली आणि आपापल्या भाषेत ओरडली. साहेब पुढे बघत होते.

पंपासमोर दुभाजकाला फट होती, तिथून वळून ते पंपावर पोचले. पंपवाल्याने दोन्ही हातांनी मोठं स्टीअरिंग फिरवून बस दाखवली आणि ती गेलेली दिशा दाखवली. साहेब लगेच गाडीत बसले, किल्ली फिरवली. आणि थांबले. गिअरवर हात होता, पण गिअर पडेना. डबल बेलशिवाय निघाल्याचं काय होतं, ते त्यांनी आत्ताच भोगलं होतं. ते तसेच बसून राहिले. त्यांना कुठल्या तरी विचारात अडकलेलं बघून पंपवाल्याने धीर द्यावा म्हणून परत गाडीला हात लावला, तसे साहेब ताडकन बाहेर आले.

"नाही! हात लावायचा नाही! लांबून बोल काय ते!"

पंपवाल्याने दोन्ही हात वर केले. मग त्याने आतून एक खुर्ची आणली, थर्मासमधला स्वतःचा चहा ओतून दिला आणि स्वतः गाडीपासून चार पावलं दूर जाऊन उभा राहिला.

बाई पुढच्या थांब्यावर उतरल्या होत्या. ड्रायव्हरने समोरून येणारी दुसरी बस हात करून थांबवली होती आणि दोन म्हाताऱ्यांनी बाईंना धरून रस्ता ओलांडून दिला होता. ती बस पंपावर थांबली. बाई उतरल्या तेव्हा साहेब खुर्चीवरून उठले, आणि उठल्यावर पुढे काय करायचं ते न सुचून कप हातात घेऊन उभे राहिले.

"इथेच थांबलात?" बाईंनी विचारलं.

"तू बेल दिली नव्हतीस."

"वाटलंच मला. म्हणून तर परत आले." बाई खुर्चीत बसल्या. "काय लोक आहेत हो! कुणी पाणी दिलं, कुणी हात धरला. एका मुलीने तर आपला स्कार्फ माझ्या डोक्यावर बांधला, वारा लागतोय म्हणून. आणि ड्रायव्हर भला माणूस, पण ब्रेक काय मारतो! आतडी गळ्यात आली. तेव्हा कळलं मला…"

"काय?"

"काही नाही. तुम्ही तिकडे एकटे काय करत होतात एवढा वेळ?"

साहेबांनी कपात बघितलं. "बोलत होतो. तू मागे आहेस असं समजून."

"काय बोललात?"

पंपवाला, खुर्ची, बस, बसच्या खिडक्यांतून बघणारे सगळे प्रवासी आणि समोर बाई. साहेबांचं सगळं धाडस परत आत गेलं.

"हेच, की रस्ता चांगला आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "रस्ता चांगला आहे."

निघताना दोघांनी पंपवाल्याचे इतके आभार मानले की तो गोंधळून गेला. ज्याच्या थापांनी हा घोळ झाला, त्याच्याच चहाने तो निस्तरला होता. बाईंनी टपावर टकटक केली. पंपवाल्याने हात पाठीमागे बांधून निरोप दिला.

लेकीच्या दारात गाडी पोचली तेव्हा लेक रडली, जावई हसला, आणि साहेबांनी दोन्ही हातांनी इंजिनाला नमस्कार केला. मग दिवस भराभर गेले. साहेबांनी दूध आणलं, पाळण्याचे स्क्रू पिळले, पडद्याची दांडी सरळ केली. रोज रात्री जेवताना लेक म्हणे, "बाबा, अजून थोडे दिवस…" आणि साहेब बाईंच्या चेहऱ्याकडे बघत. बाई ताटाकडे बघत. "नको, ठरलंय ना चार दिवसांचं," असं मग ते म्हणत.

निघायच्या सकाळी बाईंनी डबा भरून दिला. सगळे फाटकाशी जमले. साहेब गाडीत बसले, चेहरा शक्य तितका शांत ठेवून त्यांनी किल्ली फिरवली. काहीच आवाज आला नाही. घर्र नाही, खर्र नाही.

साहेब दचकले. "हे कसं काय? एवढं तर मी…" असं म्हणून त्यांनी ओठ मिटले.

जावई तत्पर होता. त्याने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावून आणलं. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, बॅटरीपाशी वाकला आणि एक जाड वायर वर उचलून दाखवली. जावई भाषांतर करू लागला. "तो म्हणतोय, बॅटरीची वायर काढून बाजूला दुमडून ठेवलीय."

बाई फाटकावरच्या वेलीची पिवळी पानं तोडू लागल्या.

मेकॅनिकने वायर बसवली आणि किल्ली फिरवायची खूण केली. इंजिन घर्रघर्र करत राहिलं, पण सुरू होईना.

"असं कसं?" बाई पानं सोडून पुढे आल्या. "आता तर व्हायलाच हवी!"

मेकॅनिक परत वाकला. आतल्या बाजूला खोचलेली आणखी एक सुटी वायर त्याने बाहेर काढली. ती साहेबांच्या रुमालात नीट गुंडाळलेली होती. साहेब आभाळाकडे बघत होते. बाई रुमालाकडे बघत होत्या. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, समोरासमोर, मध्ये सीटची पाठ नसताना.

मेकॅनिक काहीतरी बोलला. जावयाने जरा चाचरत सांगितलं, "तो म्हणतोय, एखादी वायर आपोआप निघते. दोन निघायला दोन माणसं लागतात. आता ही जोडू का, असं विचारतोय."

"घाई काय आहे?" साहेब आणि बाई एकदम म्हणाले.

मेकॅनिकला भाषा येत नव्हती. तरी त्याने वायर परत रुमालात गुंडाळली आणि बॉनेट खाली घेतलं.