नानांवर दावा

शुद्ध मराठी हा माझा एकमेव गुण. धुळ्याच्या आमच्या ऑफिसात इंग्रजी परिपत्रकं मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे असतं. (ती कोणी वाचत नाही, म्हणून तर नोकरी टिकली आहे.) त्यामुळे साक्रीकडे गावी राहणाऱ्या नानांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, मेडिक्लेमचा फॉर्म आणला, तेव्हा तो मराठीत उतरवून पोस्टाने धाडायचं मी ठरवलं.

घाई होती. नानांना हर्निया. "आतडं अडकलं तर जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. मी म्हटलं, आधी पॉलिसी, मग ऑपरेशन. मनात धाकधूक होती, पण बेत पक्का वाटत होता.

क्लेमला मी 'दावा' लिहिलं, नॉमिनीला 'वारस'. खाली पदरचा मजकूर: "दावा मी दाखल करीन. वारस म्हणून माझे नाव घातले आहे. महिनाअखेरच्या आत सही करावी."

चौथ्या दिवशी धुळ्यात, देवपूरच्या आमच्या दारात नाना उभे! एका हाताने जांघेपाशी धोतर आवळून धरलेलं. सोबत कोर्टातले रिटायर्ड बेलिफ उखर्डूआबा.

माझ्या बायकोने, सुनंदाने, पाणी दिलं. नानांनी तांब्याला हात लावला नाही.

"कसाले दावा?" नानांचा आवाज कापत होता. "मी मरी गऊ का? वावर तुनंच शे ना!"

"नाना, दावा म्हणजे क्लेम! शेतावरचा कोर्टातला दावा नव्हे!"

"माले नको शिकाडू," उखर्डूआबा गुरगुरले. "तीस वरीस दावाना समन्स वाटात मी."

मी मूळ इंग्रजी फॉर्म पुढे केला. आबांनी भिंग काढलं आणि छापखान्याच्या नावापासून वाचायला सुरुवात केली. अर्धा तास! नाना माझ्याकडे टक लावून बसलेले, मी घामाघूम. (साक्षीदार म्हणून सुनंदा माझ्या बाजूची वाटत नव्हती.) एका बारीक ओळीवर आबांचं बोट थांबलं.

"अभिमन, हाई तू कसाले नही उतारं?"

पॉलिसीच्या आधीपासूनचा आजार भरपाईत बसणार नाही, असं तिथे स्वच्छ छापलं होतं. अक्षर बारीक, म्हणून मी ती ओळ गाळली होती. म्हणजे नाना महिनाभर जीव मुठीत धरून थांबणार, आणि हर्नियाला पॉलिसीचा उपयोग शून्य! लाजेने मला वर बघवेना.

"मग हर्निया लिहायचाच नाही," मी पुटपुटलो.

"खोटं लिखशी?" नाना कडाडले. मग सुनंदाकडून तांब्या घेऊन घटाघटा पाणी प्यायले. "ऑपरेशन आतेच करूत. फॉर्मबी भरूत, हर्निया लिखीसन. पुढला आजारले कामले ई."

ऑपरेशन त्याच आठवड्यात सुखरूप झालं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत."

तिसऱ्या दिवशी नानांनी खाटेवरच फॉर्म मागवला. वारसाच्या रकान्यातलं माझं नाव खोडून, जिभेचं टोक बाहेर काढून, सावकाश लिहिलं: सुनंदा.

"नाना, मी वारस नाही?"

"वारस तूच शे, भो," नाना मायेने म्हणाले. "पन दावा कराले कागद वाचना पडतस."